जादूगारणीची आई जिवंत ठेवा

गेल्या दिवाळीची गोष्ट. मी चकल्या तळत होते. लेक ओट्याला टेकून उभी, हातात वही आणि पेन्सिल. अगदी शांतपणे तिनं विचारलं, "आई, माझ्या आईबाबांना कसं मारू? आगीत की साथीच्या रोगात?"

हातातला झारा तेलात पडायचाच बाकी होता. "अगं बये, शुभ बोल जरा! सणासुदीचं काय हे?"

"अगं, तुम्हाला नाही गं! माझ्या कॅरेक्टरच्या आईबाबांना."

मग कळलं, की हे सगळं एका खेळासाठी चाललंय. लेक पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हॉस्टेलवर राहते. तिथं तिला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाच्या खेळाचा नाद लागलाय. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा पुण्यातच नोकरी करतो, तो या खेळाचा सूत्रधार. भाऊबिजेला तो आमच्याकडे आला, आणि जेवणाच्या टेबलावर फराळाच्या ताटांशेजारी कागद आणि रंगीबेरंगी फासे पसरले. एक फासा तर चक्क वीस बाजूंचा! आपल्याला सारीपाटाचे नि सापशिडीचे फासे माहीत. हा हातात घेतला तर बोराएवढा, आणि त्यावर एक ते वीस आकडे.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात शिकायला बाहेरगावी गेलेली मुलं असतील, तर हे नाव आज ना उद्या कानावर येईलच. म्हणून मला समजलं तेवढं सांगते.

हा खेळ 1974 साली अमेरिकेत छापला गेला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो तयार केला. गायगॅक्सचं गाव लेक जिनिव्हा, विस्कॉन्सिन राज्यातलं. पहिल्या खेपेला जेमतेम 1000 खोकी निघाली होती. हा खेळ सगळ्यात आधी खेळणाऱ्यांत गायगॅक्सची स्वतःची मुलं होती, एक मुलगा आणि एक मुलगी. म्हणजे घरच्या टेबलावरच जन्मलेला खेळ म्हणायचा! यात पट नसला तरी चालतो, आणि कुणी जिंकत-हरत नाही. चार-पाच जण बसतात. एकजण सूत्रधार, त्याला 'डन्जन मास्टर' म्हणतात. तो सांगतो, "तुम्ही जंगलात आहात, अंधार पडलाय, समोर पडका वाडा आहे." बाकीच्यांनी आपापलं पात्र काय करतं ते सांगायचं. जमेल की नाही ते फासा ठरवतो. एकेक बैठक तीन-चार तासांची, आणि गोष्ट महिनोन् महिने चालते. थोडक्यात, सगळ्यांनी मिळून रचलेलं नाटक. प्रेक्षक नाहीत, संहिता नाही.

खेळायच्या आधी प्रत्येकानं आपलं पात्र तयार करायचं असतं. ते कुठलं, घरी कोण, आजवर काय घडलं, ही त्याची 'बॅकस्टोरी', म्हणजे पूर्वकथा. माझ्या लेकीचं पात्र म्हणजे एक जादूगारीण. नाव 'रेवन'. रेवन म्हणजे डोमकावळा म्हणे. कावळ्याचं नाव कुणी पोरीला ठेवतं का, असं मी म्हणून घेतलंच. त्यावर "आई, फॅन्टसी आहे गं ती," असं उत्तर आलं.

रेवनची गोष्ट लेकीनं वाचून दाखवली. गाव जळालं. आईबाबा गेले. एकुलता एक भाऊही गेला. त्या दुःखात तिच्या अंगातली जादू जागी झाली. आता ती एकटी भटकते आणि कुणावर विश्वास ठेवत नाही.

मी विचारलं, "बाकीच्यांची पात्रं कशी आहेत?"

भाचा हसायला लागला. "मावशी, पाच जण आहेत. त्यातल्या चौघांचे आईबाबा मेलेले. दोघांची गावं जळालेली."

"आणि पाचवं?"

आता दोघंही जरा गप्प झाली. पाचवी खेळाडू म्हणजे लेकीची रूममेट. तिचे बाबा दोन वर्षांपूर्वी खरोखरच गेले. तिनं मात्र आपल्या पात्राचे बाबा जिवंत ठेवलेत. सुतार आहेत ते. दर बैठकीला ती त्यांना पत्र लिहिते.

चकल्या जरा जास्तच लाल झाल्या त्या दिवशी.

मी मराठी घेऊन बी.ए. झाले ती पंचवीस वर्षांपूर्वी. तेव्हापासून संसार, आणि गेली पंधरा वर्षं आमच्या तालुक्यात बायकांचे बचत गट, घरगुती भांडणं, पोलीस ठाण्याच्या फेऱ्या. कादंबऱ्या वाचायला वेळ मिळत नाही, पण दिवसाला दोन-तीन बायकांच्या पूर्वकथा मात्र ऐकते. त्या अनुभवावरून माझं ठाम मत आहे, की माणसाची गोष्ट त्याचं कोण मेलं यानं तेवढी कळत नाही. कोण जिवंत आहे, कुणाशी अबोला आहे, कुणाचे पैसे द्यायचेत, कुणाला तोंड दाखवायला नको वाटतं, यानं ती जास्त कळते. म्हणून लेकीला विचारलं, "सगळ्यांचे आईबाप मारायची एवढी घाई का तुम्हाला?"

तिचं उत्तर प्रामाणिक होतं. "म्हणजे मग कुणी अडवत नाही ना! आई असली की ती विचारणार, कुठे चाललीस, कधी येणार, कुणाबरोबर."

लागलं मला ते, खोटं कशाला सांगू? पण खरं होतं. आपल्या मुलींना सामर्थ्य हवं असतं, आणि सामर्थ्याच्या वाटेवर पहिली आडवी येते ती आई, असं त्यांना वाटतं. म्हणून निदान खेळात तरी त्या आईला आधी वाटेतून काढून टाकतात.

या खेळाची भीती मलाही वाटली होती, हे आधी कबूल करते. 'जादू' हा शब्द माझ्या कामात हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 2016 च्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका गावात एका लेकराला ताप आला आणि ते दगावलं. भगतानं बोट दाखवलं ते शेवटच्या घरातल्या विधवा बाईकडे. ती काविळीवर पाला द्यायची. एकटी राहायची. तिच्या नावावर दोन एकर रान होतं, आणि पुतण्यांचा त्यावर डोळा. झालं! "हिनं करणी केली." तिला घरातून ओढून काढलं आणि मारलं. ठाण्यात आधी "घरगुती भांडण आहे ताई, मिटवून टाका" असाच सूर होता. अंनिसचे कार्यकर्ते सोबत आले, 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याचं नाव घेतलं, दक्षता अधिकाऱ्यांपर्यंत जाऊ म्हटलं, तेव्हा तक्रार लिहून घेतली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं धडपड केली आणि जो त्यांच्या खुनानंतर आला, तोच हा कायदा. एखाद्याला करणी करणारा, चेटूक करणारा ठरवून छळलं, तर सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्यात.

ती बाई आता लेकीकडे राहते. रान पडीक आहे.

तर असं सगळं पाहिलेल्या बाईच्या घरात पोरगी "मी जादूगारीण होणार" म्हणाली, की पोटात गोळा येणारच. अशी भीती फक्त आपल्यालाच वाटते असंही नाही. अमेरिकेत पॅट्रिशिया पुलिंग नावाची एक आई होती. 1982 साली तिच्या मुलानं आत्महत्या केली. तो हा खेळ खेळायचा. तिनं खेळालाच दोषी धरलं आणि 1983 साली त्याच्या विरोधात संघटना काढली. हा सैतानाचा खेळ आहे, अशी मोठी ओरड त्या काळात तिकडे झाली. पुढे अभ्यास झाले, त्यांत खेळामुळे मुलं आत्महत्या करतात असं काही निघालं नाही. मी त्या आईला हसणार नाही. पोर गेलेली आई कशाला तरी धरून राहणारच. पण ज्या दुःखाचं कारण सापडत नाही, त्याला 'जादू' हे कारण चिकटवणं किती सोपं असतं, ते तिकडेही दिसलं आणि आमच्या त्या गावातही दिसलं. तिकडे बोट खेळाकडे गेलं. इकडे ते जित्याजागत्या बाईकडे गेलं, एवढाच फरक.

मी हे बोलत असताना लेकीचे डोळे चमकले. "आई, ही केवढी जबरदस्त बॅकस्टोरी आहे! मी ही रेवनला देऊ? गाव तिला चेटकीण म्हणतं, मारतं, आणि मग तिच्या अंगात खरीच जादू येते?"

मी "नाही" म्हटलं. पटकन म्हटलं, आणि जरा जोरातच.

का नाही, ते नीट सांगायला मला दोन दिवस लागले. पहिलं म्हणजे, ती गोष्ट त्या बाईची आहे. मला ती ठाण्याच्या बाकावर बसून, पदर तोंडाशी धरून सांगितलेली. ती टेबलावर वाटायचा मला अधिकार नाही, आणि माझ्या लेकीला तर नाहीच. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. त्या बाईचा सगळा झगडा काय होता? "माझ्या अंगात काही नाही हो, मी साधी बाई आहे" हे लोकांना पटवून द्यायचा. आणि आपण गोष्टीत लिहिणार, की शेवटी तिच्यात जादू निघालीच! म्हणजे भगताचंच खरं केलं की आपण.

तिसरं कारण तर रागाचंच आहे. बाई बलवान दाखवायची, तर आधी तिला मार खाल्लेली, लुटलेली, जाळलेली दाखवलीच पाहिजे का? सिनेमात तेच, मालिकेत तेच, आता खेळातही तेच. पुरुष जादूगार म्हटला की म्हातारा गुरू, ग्रंथालय, वर्षानुवर्षांचा अभ्यास. बाई जादूगार म्हटली की जखम. आपल्या लहानपणची 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण आठवा. दिलीप प्रभावळकरांनी ती काय रंगवली होती! पण ती चेटकीण कशी झाली, कुठे शिकली, तिची आई कोण, हे आपण कधी विचारलं का? बाईच्या अंगी काही असलं, तर ते तिनं शिकून मिळवलं असेल, हे आपल्या मनातच येत नाही.

भाच्यानं मग वही उघडून मला जादूचे प्रकार समजावले. या खेळात जादू करणाऱ्यांच्या निरनिराळ्या जाती असतात. त्यातल्या तीन अशा. 'विझार्ड' शिकून झालेला असतो, त्याची सगळी मदार पुस्तकावर आणि बुद्धीवर. 'सॉर्सरर'ला जादू जन्मजात मिळते, रक्तातूनच. 'वॉरलॉक' कुणा बलाढ्य शक्तीशी करार करून जादू मिळवतो, आणि त्या कराराची किंमत चुकवत राहतो.

मी म्हटलं, "अरे, हे तर आमचं महाभारतच आहे!" कच शुक्राचार्यांकडे संजीवनी शिकायला गेला. राक्षसांनी तीनदा मारलं, तरी विद्या घेऊनच परतला. पण देवयानीला नकार दिला, म्हणून शाप मिळाला, की ही विद्या तुला स्वतःला फळणार नाही. ती त्यानं दुसऱ्याला शिकवायची, मग त्याला फळेल. हा झाला विझार्ड. कर्णाला कवचकुंडलं जन्मतःच मिळाली, आणि जन्मभर ती कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यांवर आली. हा सॉर्सरर. आणि कुंती? दुर्वासांची सेवा केली, मंत्र मिळाला. हवा तो देव बोलावता येईल असा! खरा की खोटा म्हणून पोरवयात एकदा म्हणून पाहिला, आणि त्याची किंमत आयुष्यभर मोजली. तिचं गाव जळालं नव्हतं. आईबाप मेले नव्हते. फक्त एक कुतूहल, आणि नदीत सोडलेली एक पेटी. याहून मोठी पूर्वकथा कोणती?

"मावशी, तू खेळायला बस," भाचा म्हणाला. मी नाही बसले. मला लाडू वळायचे होते. पण वळता वळता प्रश्न विचारत राहिले, आणि लेक खोडून खोडून लिहीत राहिली.

आधी ठरलं, की रेवन शिकलेली जादूगारीण, विझार्ड. मग मी बायकी प्रश्न काढला. "शिकायला पैसे कुठून आले?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागली. भाच्यानं 2014 चं नियमांचं पुस्तक काढलं. त्यात लिहिलंय, की विझार्डच्या वहीत सुरुवातीला सहा मंत्र असतात. पुढे नवा मंत्र उतरवून घ्यायचा, तर पहिल्या पायरीच्या मंत्राला दोन तास आणि 50 सोन्याची नाणी लागतात. शाई, सामान, सराव यांचा खर्च. मी बचत गटाची बाई. म्हटलं, याच भावानं धरलं तर सहा मंत्रांचे झाले 300. ही नाणी एका गरीब पोरीकडे आली कुठून? चोरली? कुणी दिली? व्याजानं घेतली?

त्या 300 नाण्यांतून सगळी गोष्ट निघाली बघा. रेवनची आई शाई बनवणारी. बंदराच्या गावात छोटंसं दुकान. हात कायमचे निळे. गावातला म्हातारा जादूगार तिच्याकडून शाई उधार न्यायचा. हिशेब लिहायला रेवन जायची आणि हिशेब लिहिता लिहिता त्याच्याकडून अक्षरं, मग मंत्र शिकली. म्हातारा एक दिवस उधारी तशीच ठेवून निघून गेला. सावकाराचं व्याज आईच्या डोक्यावर. वारसांनी येऊन घर झाडून नेलं. पण एक वही रेवननं आधीच लपवली होती. ही चोरी म्हणायची की वसुली? आईला त्यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं, पोरगी शहरात कारकुनी करते.

लेक लिहायची थांबली आणि म्हणाली, "आई, आता मला रेवनची भीती वाटायला लागली. म्हणजे तिच्यासाठी भीती." मी मनात म्हटलं, आता जमलं. कारण जळालेल्या गावाची मघाशी तिला काडीची भीती वाटली नव्हती.

भाच्यानं सूत्रधार म्हणून त्याची बाजू सांगितली, तीही ऐकण्यासारखी आहे. सगळे नातेवाईक मारून टाकले, की सूत्रधाराच्या हातात काही उरत नाही म्हणे. मेलेली माणसं दार वाजवत नाहीत. जिवंत माणूस आजारी पडतो, पत्र पाठवतो, पैसे मागतो, चुकीच्या वेळी दारात उभा राहतो. दुसरं, ही गोष्ट एका पानात बसावी. कारण खरी गोष्ट पुढे खेळताना घडायची असते. तिसरं, नव्या पात्रानं आधीच दहा राक्षस मारलेले नसावेत. नवा विझार्ड म्हणजे काडी पैलवान. सुरुवातीला त्याच्या जिवाचे गुण 6 धरतात, तर दांडगट बार्बेरियनचे 12. चौथं, एखादी गोष्ट पात्रालाही माहीत नसावी, ती सूत्रधारासाठी मोकळी ठेवावी. रेवनच्या वहीचं शेवटचं पान निराळ्या हस्ताक्षरात आहे. कुणाचं, ते लेकीलाही ठाऊक नाही. त्याच पुस्तकात पात्राला चार गोष्टी द्यायला सांगितल्यात: स्वभाव, ध्येय, कुणाशी तरी बांधिलकी आणि एक दोष. लेकीनं बांधिलकीपुढे लिहिलं, "आईचे निळे हात". दोषापुढे लिहिलं, "घरी खरं सांगत नाही".

मी तेवढ्यापुरती लाडवांकडे बघितलं.

आता कुणी म्हणेल, ताई, खेळ आहे तो. राक्षस मारायचे, हसायचं, झोपायचं. त्याला एवढा विचार कशाला? खरंय. सगळ्यांनीच असं लिहावं असा माझा हट्ट नाही. आणि एक गोष्ट माझ्या कामामुळे मला चांगली माहीत आहे. काही मुलींच्या घरी खरोखरच मारहाण आहे. त्यांना चार तास बिनआईबापाचं व्हावंसं वाटलं, तर त्यांना आपण शिकवू नये. ती त्यांची मोकळी हवा आहे. त्या रूममेटला मात्र बाबा जिवंत हवे होते, तेही तितकंच खरं. मी बोलतेय ते आपल्यासारख्या बऱ्यापैकी धड घरांतल्या मुलींबद्दल. त्यांना वाटतं, की मोठं व्हायचं तर घर जाळावं लागतं. तसं वाटायला थोडं आपणही कारण आहोत. आपण "कुठे चाललीस, कधी येणार" एवढंच विचारतो. "काय शिकलीस, ते तुला कसं जमलं, त्यासाठी काय सोसलंस" हे किती जणी विचारतो? खेळाच्या टेबलावर तेच विचारतात, आणि चार जण पोरीचं उत्तर मान खाली घालून ऐकतात. मग पोरींना टेबल जवळचं वाटलं, तर नवल काय?

जानेवारीत मी त्या बाईला भेटायला तिच्या लेकीच्या गावी गेले होते. केसची तारीख होती. चहा पिता पिता तिला या खेळाबद्दल सांगितलं. शहरातल्या शिकलेल्या पोरी खेळात जादूगारीण होतात, स्वतःच्या मनानं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आणि कुणी मारत नाही त्यांना?"

मी म्हटलं, "नाही."

"चांगलंय की मग," ती म्हणाली आणि कप विसळायला उठली.

त्याच महिन्यातल्या एका शनिवारी रात्री अकराला लेकीचा फोन आला. इतक्या रात्री फोन म्हटल्यावर माझा जीव वरखाली. पण झालं होतं असं, की भाच्यानं त्या दिवशीच्या खेळात रेवनच्या आईला शहराच्या वेशीवर आणून उभं केलं होतं. हातात गाठोडं, हात निळे. पहारेकरी चोरीच्या वहीचा शोध घेतायत. त्यांनी रेवनला विचारलं, "या बाईला ओळखतेस का?" नाही म्हटलं तर वही वाचते. हो म्हटलं तर सगळं उघडं पडतं. लेकीनं फासा उचलला, तर भाचा म्हणाला, "याला फासा नाही. हे तूच ठरव."

"मग काय म्हणालीस गं?"

"हो म्हटलं. ही माझी आई आहे म्हटलं."

"आणि वही?"

"गेली. जप्त झाली. आता वही नाही तर नवे मंत्र कुठून आणणार? सगळे ओरडले माझ्यावर." ती हसत होती, पण आवाज जरा ओला होता. मग म्हणाली, "आई, एक सांगायचं होतं. मागच्या सेमिस्टरला माझा एक विषय राहिलाय. मी तुला पास झाले म्हणून सांगितलं होतं."

रागावायला हवं होतं का मी? थोडी रागावलेही. दुसऱ्या दिवशी तिच्या बाबांना सांगितलं, तेही रागावले. फी भरायची आहे परत, त्याचा हिशेब मांडला. ते सगळं आलंच. पण त्या रात्री मी फक्त विचारलं, "जेवलीस का?"

तुमच्या घरी पोरं असे फासे घेऊन बसली, तर घाबरू नका आणि हसूही नका. शेंगदाण्याची वाटी ठेवा, पाच मिनिटं शेजारी बसा आणि विचारा, "तुझ्या या जादूगारणीच्या घरी कोण कोण असतं?" आईबाप मारलेले असतील, तर मुळीच रागावू नका. एवढंच विचारा, की आई जिवंत असती, तर आत्ता काय करत असती? उत्तर ऐकून घ्या. त्यात थोड्या तुम्हीही असाल.